गोळीचे शिसे किती कठीण असावे?

धागा.

जुन्या बंदुकांविषयी लिहिताना आपण नळीची लांबी, चापाची रचना, कारखान्याचा शिक्का यांची चर्चा करतो. नळीतून बाहेर पडणाऱ्या गोळीच्या धातूकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. शिसे म्हणजे शिसे, त्यात काय पाहायचे, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात १८५० ते १९०० या अर्धशतकात युरोपच्या शस्त्रशाळांना सतत छळणारा एक प्रश्न हाच होता : शिसे किती मऊ ठेवावे आणि किती कठीण करावे? १८५७ ची काडतुसे, १८८० ची मैवंदची लढाई आणि १८९९ ची हेग परिषद या तीन वेगवेगळ्या प्रकरणांतून हा एकच धातू वाहत गेला आहे. आजचा धागा त्याविषयी.

प्रथम धातूची ओळख. शुद्ध शिशावर नखाने ओरखडा उठतो. ते ३२७ अंश सेल्सियसला वितळते, म्हणजे घरच्या चुलीवरही त्याचा रस होतो. घनता पाण्याच्या अकरापटीहून अधिक, त्यामुळे लहानशा गोळीत भरपूर वजन मावते. स्वस्त, जड आणि सहज ओतता येणारा असा दुसरा धातू नाही. शिकारी, शेतकरी, सैनिक सारेच शेकोटीशेजारी बसून साच्यात गोळ्या ओतत असत, ते याच गुणांमुळे. त्याचा दोषही याच मऊपणात आहे. त्याची गाठ पुढे पडेलच.

ठासणीच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असे. गोळी नळीपेक्षा थोडी लहान, म्हणून तोंडातून टाकली की सरसर खाली जाई. बार उडाल्यावर ती नळीच्या भिंतींवर आपटत बाहेर पडे आणि शंभरेक पावलांपलीकडे कुठे जाईल याचा भरवसा नसे. नळीला आतून पीळदार चरे पाडले तर गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि सरळ जाते, हे कारागिरांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. अडचण अशी, की चऱ्यांत रुतण्यासाठी गोळी घट्ट बसली पाहिजे आणि घट्ट गोळी तोंडाकडून ठोकून आत घालायला वेळ लागतो. काळ्या दारूची काजळी नळीत साचू लागली की ते काम अधिकच बिकट होते. म्हणून चऱ्यांची बंदूक बराच काळ शिकाऱ्यांची आणि निवडक नेमबाजांची राहिली. सामान्य पलटणीच्या हाती ती आली नाही.

जाताना सैल आणि येताना घट्ट अशी गोळी हवी होती. या कोड्याच्या उत्तराचा एक धागा दक्षिण भारतात सापडतो. ब्रिटिशांच्या ३४ व्या पलटणीतला कॅप्टन जॉन नॉर्टन इकडे असताना त्याने स्थानिक लोकांना फुंकनळीतून बाण सोडताना पाहिले. बाणाच्या बुडाशी मऊ भेंड असे. फुंकर मारताच ते फुगून नळीच्या भिंतीला चिकटे आणि हवा वाया जात नसे. त्यावरून त्याला बुडाशी पोकळ असलेल्या लांबट गोळीची कल्पना सुचली, असे सांगितले जाते. तिकडे ब्रिटिश अधिकाऱ्यांनी लक्ष दिले नाही. पुढे फ्रान्सच्या क्लोद एतिएन मिनिये याने तीच कल्पना १८४० च्या दशकाच्या अखेरीस पूर्णत्वास नेली आणि त्याच ब्रिटिश सरकारने त्याला वीस हजार पौंड मोजले. (सरकारी खात्यांचा हा स्वभाव सार्वकालिक दिसतो.)

मिनिये गोळी नावाला गोळी, आकाराने शंकू. बुडाशी पोकळी. बार उडाला की वायूच्या दाबाने पोकळ बुडाची कड पसरते, चऱ्यांत घुसते आणि मागचा वायू कोंडला जातो. हे सारे शुद्ध, मऊ शिशानेच साधते. त्यात थोडीही कठीण धातू मिसळली तर कड पसरत नाही आणि गोळी सैलच्या सैल बाहेर पडते. १८५३ च्या एनफील्ड रायफलीचा व्यास ०.५७७ इंच होता, तर तिची गोळी सुरुवातीला ०.५६८ इंच. पुढे काजळीच्या त्रासामुळे ती आणखी बारीक, ०.५५० इंच करावी लागली. वजन ५३० ग्रेन, म्हणजे साधारण ३४ ग्रॅम. नळीतल्या चऱ्यांचा पीळ अगदी मंद : ७८ इंचांत एक फेरा. मऊ शिशाला एवढा हलका पीळ मानवतो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

एवढा फरक ठेवूनही काजळीत गोळी अडकायचीच. म्हणून गोळीभोवतीच्या कागदाला वंगण लावले जाई. गुंडाळीचे एक टोक दातांनी फाडायचे, दारू नळीत ओतायची, गोळीचा वंगण लावलेला भाग नळीत सारायचा आणि उरलेला कागद फाडून गजाने ठासायचे, अशी कवायत होती. पुढचे आपणा सर्वांना ठाऊक आहे. १८५७ च्या जानेवारीत कलकत्त्याजवळच्या डमडम येथे गाई-डुकराच्या चरबीची वदंता पसरली आणि २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडे पुढे आला. वरसईच्या विष्णुभट गोडशांच्या 'माझा प्रवास'मुळे ती काडतुसांची हकीकत मराठी वाचकाला घरच्यासारखी परिचित आहे. उठावाची कारणे अनेक होती आणि काडतूस हे केवळ ठिणगीचे निमित्त, हे सर्वमान्य आहे. तरीही त्या ठिणगीमागे धातूचे एक साधे गणित होते, याची नोंद घ्यायला हवी. मऊ शिशाची पसरणारी गोळी आणि काळ्या दारूची काजळी एकत्र आल्यावर वंगण टाळता येत नव्हते. ते कशाचे असावे हा विचार मात्र श्रद्धेला धक्का न लावता करता आला असता. मेण आणि तेल बाजारात मिळतच होते.

उठाव मोडल्यावर इंग्रजांनी काढलेला एक निष्कर्ष शस्त्रांविषयी होता. तोफखाना जवळजवळ संपूर्ण गोऱ्यांच्या हाती गेला. देशी पलटणींना १८५८ च्या नमुन्याची जी एनफील्ड दिली, ती बाहेरून रायफलच दिसे. आतले चरे मात्र काढून टाकलेले, नळी गुळगुळीत. शिपायाच्या हाती बंदूक द्यायची पण तिची अचूकता काढून घ्यायची, इतका स्पष्ट अविश्वास कागदोपत्री कोणी लिहीत नसते. तो नळीत डोकावून पाहिला की दिसतो. येथून पुढे जवळजवळ चाळीस वर्षे एक अलिखित शिरस्ता चालला : गोऱ्या पलटणीचे जुने झालेले हत्यार देशी पलटणीला.

दरम्यान इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या यंत्रशास्त्रज्ञाने प्रश्न दुसऱ्या बाजूने धरला. मऊ गोळी पसरून चऱ्यांत बसण्याची वाट पाहायचीच कशाला? नळीच षट्कोनी करावी आणि तिच्याच मापाची षट्कोनी गोळी घडवावी. मग शिसे कठीण असले तरी चालते. त्याने नळीचा व्यास ०.४५१ इंचावर आणला आणि पीळ २० इंचांत एक फेरा इतका जलद केला. १८५७ च्या चाचण्यांत लांब पल्ल्यावर या रायफलीने एनफील्डला सहज मागे टाकले. १८६० साली विंबल्डनच्या स्पर्धेचा पहिला बार राणी व्हिक्टोरियाने व्हिटवर्थचीच रायफल एका मांडणीवर बसवून उडवला. सैन्याने ती घेतली नाही. ती महाग होती आणि काजळीने लवकर तुंबे. पण बारीक व्यास, लांब गोळी आणि जलद पीळ हे त्रिकूट मात्र पुढच्या पिढीने उचलले.

ती पुढची पिढी म्हणजे मार्टिनी-हेन्री, १८७१. तिच्याआधी मागून भरण्याची स्नायडर आली होती. जुन्याच एनफील्डच्या नळीला मागे झडप बसवून केलेली ती तडजोड, त्यामुळे व्यास ०.५७७ इंच तोच आणि गोळी मऊ शिशाचीच. मार्टिनी-हेन्रीत सारे बदलले. व्यास ०.४५० इंच, गोळी ४८० ग्रेन म्हणजे ३१ ग्रॅम, दारू ८५ ग्रेन आणि पीळ २२ इंचांत एक फेरा. एनफील्डच्या ७८ शी तुलना करून पाहा. साडेतीनपट जलद फिरायला लावले तर शुद्ध शिशाची गोळी चऱ्यांना धरून राहात नाही. ती चऱ्यांवरून घसरते, सोलली जाते आणि तिचा मुलामा नळीला बसतो. शिवाय लांब, बारीक गोळी बाराच्या धक्क्याने बुडाकडून चेपते. म्हणून शिशाच्या बारा भागांत कथिलाचा एक भाग मिसळला आणि वरून कागदाची गुंडाळी घातली. हीच त्या काळची 'कठीण' गोळी. आजच्या मानाने ती बरीच मऊ ठरेल. पण बार उडताना ती किंचित फुगून चऱ्यांत बसे आणि तरीही सोलली जात नसे. त्या बारा-एकच्या प्रमाणात हा तोल साधला होता.

आता मैवंद. २७ जुलै १८८०, कंदाहारच्या पश्चिमेला, अयूबखानाच्या फौजेसमोर ब्रिगेडियर बरोज याचा सुमारे अडीच हजारांचा दस्ता. त्यात गोऱ्यांची ६६ वी पलटण आणि मुंबई लष्कराच्या दोन पायदळ पलटणी : पहिली ग्रेनेडियर्स आणि ३० वी, म्हणजे जेकब्स रायफल्स. ६६ व्या पलटणीकडे मार्टिनी-हेन्री होत्या. मुंबईच्या दोन्ही पलटणींकडे स्नायडर. एकाच रांगेत, एकाच शत्रूपुढे, एकाच उन्हात उभ्या असलेल्या माणसांच्या हाती दोन वेगवेगळ्या दशकांच्या गोळ्या.

फरक केवढा? दोन्ही गोळ्यांचे वजन जवळपास सारखेच. पण स्नायडरची गोळी रुंद आणि आखूड, मार्टिनीची अरुंद आणि लांब. हवेचा अडथळा रुंद गोळीला अधिक जाणवतो, तिचा वेग लवकर मावळतो आणि मार्ग अधिक वाकतो. दूरच्या लक्ष्यासाठी पल्ल्याचा अंदाज थोडा जरी चुकला तरी ती गोळी पुढच्या मातीत जाते किंवा डोक्यावरून निघून जाते. त्या दिवशी इंग्रजांचे जवळजवळ एक हजार लोक पडले. पराभवाची कारणे शोधताना मी या फरकाला पहिल्या स्थानी ठेवणार नाही. शत्रूची संख्या, त्याच्या तोफा, पाण्याची टंचाई, झाकलेल्या नाल्याचा अंदाज न येणे, नवख्या शिपायांचे प्रमाण ही कारणे मोठी आहेत. पण पुढे इंग्रजी वर्णनांतून देशी पलटणींनी कच खाल्ली असा सूर निघाला, तेव्हा त्यांच्या हाती काय दिले होते हा प्रश्न त्याच परिच्छेदात विचारला जायला हवा होता. ६६ व्या पलटणीच्या अखेरच्या झुंजीची चित्रे निघाली. मुंबईच्या शिपायांच्या स्नायडरविषयी एखादी तळटीप सापडली तरी पुष्कळ.

हा शिरस्ता मैवंदनंतरही टिकला. गोऱ्यांना ली-मेटफर्ड मिळाल्यावर मार्टिनी-हेन्री देशी पलटणींकडे आली. १२ सप्टेंबर १८९७ ला सारागढीत ३६ व्या शीख पलटणीचे शिपाई मार्टिनीनेच लढले. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. तेथल्या काडतुसांच्या बुडावर उमटणारी 'के एफ' ही अक्षरे आजही जगभरच्या संग्राहकांना ओळखीची आहेत.

रिव्हॉल्व्हरची कथा थोडी निराळी. कोल्टच्या १८५१ च्या ठासणीच्या रिव्हॉल्व्हरला शुद्ध शिसेच लागे. गोळी चक्रातल्या घरापेक्षा किंचित मोठी घ्यायची आणि खालच्या दांड्याने दाबून बसवायची. कडेची बारीक शिशाची चकती कापली जाऊन खाली पडली की गोळी नीट बसली असे समजायचे. कठीण गोळीने दांडाच वाकायचा. पुढे धातूच्या काडतुसांचे रिव्हॉल्व्हर आले, तेव्हा ही अट संपली आणि तेथेही कथील मिसळणे सुरू झाले. वेब्लीच्या ०.४५५ इंची रिव्हॉल्व्हरची २६५ ग्रेनची गोळी मार्टिनीसारखीच बारास एक या प्रमाणाची होती.

मग आली निर्धूर दारू. फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने १८८४ साली ती सिद्ध केली आणि १८८६ च्या लेबेल रायफलीत ती प्रथम वापरली गेली. इंग्रजांची ली-मेटफर्ड १८८८ ची, तिला कॉर्डाइट १८९१ मध्ये मिळाले. व्यास ०.३०३ इंच आणि वेग सेकंदाला सहाशे मीटरच्या घरात. या वेगाला कथील मिसळून कठीण केलेले शिसेही पुरत नव्हते. स्विस अधिकारी एडुआर्ड रुबिन याने १८८२ मध्येच शिशाच्या गाभ्यावर तांब्याचे कवच चढवण्याची युक्ती काढली होती. तीच सर्वांनी उचलली. पलटणीच्या रायफलीतून उघडे शिसे अशा रीतीने गेले.

कवचाच्या गोळीने एक नवीनच तक्रार निर्माण केली. मऊ शिशाची जाड गोळी शरीरात शिरल्यावर चपटी होई आणि हाडांचा भुगा करी. अमेरिकेच्या यादवी युद्धात शल्यवैद्यांना इतके हातपाय कापावे लागले, त्यामागे मिनिये गोळीचा हा गुण होता. त्या भयंकर जखमांवर बंदी घालावी असे कोणत्याही सरकारला वाटले नाही. १८६८ च्या सेंट पीटर्सबर्ग जाहीरनाम्याने ४०० ग्रॅमहून हलक्या स्फोटक गोळ्या तेवढ्या वर्ज्य ठरवल्या. कवचाची बारीक गोळी मात्र आरपार निघून जाते आणि माणूस चालत राहतो, अशा तक्रारी १८९५ च्या चित्रळ मोहिमेतून आल्या. तेव्हा डमडमच्या कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले याने गोळीच्या टोकावरचे कवच कमी करून आतले मऊ शिसे उघडे ठेवले. टोक लागताच फुलत असे. जे शिसे कष्टाने झाकले होते, ते दोनचार वर्षांत पुन्हा उघडे केले गेले.

१८९९ साली हेगमध्ये या गोळीवर वाद झाला. ब्रिटनच्या वतीने सर जॉन आर्डा यांनी केलेल्या युक्तिवादाचा सारांश असा : सुसंस्कृत सैनिकाला गोळी लागली की तो खाली बसतो, पण रानटी धर्मवेडा गोळी लागूनही पुढे धावत येतो, तेव्हा त्याच्यासाठी वेगळी गोळी हवी. इतर राष्ट्रांना हे पटले नाही आणि शरीरात सहज पसरणाऱ्या वा चपट्या होणाऱ्या गोळ्यांवर बंदीचा जाहीरनामा निघाला. ब्रिटनने त्याला १९०७ पर्यंत संमती दिली नाही. पदव्युत्तर वर्गात हा युक्तिवाद प्रथम वाचला तेव्हा मला त्यातील क्रौर्यापेक्षा त्यातील निःसंकोचपणाचे अधिक आश्चर्य वाटले. धातूची कठीणता माणसाच्या वर्णावरून ठरवावी, हे भर परिषदेत बोलता येत होते.

वेब्लीलाही याची झळ लागली. १८९८ मध्ये तिच्यासाठी टोकाला खोलगट असलेली गोळी काढली होती. हेगच्या वादानंतर ती मागे घ्यावी लागली. रिव्हॉल्व्हरची उघड्या शिशाची गोळी पुढेही टिकली, पण दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर तिच्यावरही कवच चढले.

सैन्याने टाकलेली ओतीव गोळी हौशी नेमबाजांनी आणि शिकाऱ्यांनी, विशेषतः अमेरिकेत, जिवंत ठेवली. शार्प्स रायफल घेऊन १८७० च्या दशकात गव्यांचे कळप संपवणारे शिकारी सोळास एक, वीसास एक अशी कथिलाची मिश्रणे वापरत. कथील महाग. अँटिमनी स्वस्त आणि थोडी घातली तरी शिसे चांगलेच कठीण होते, म्हणून पुढे तिचा वापर वाढला. स्वीडनच्या ब्रिनेल याने १९०० साली कठीणता मोजण्याची रीत काढल्यावर या साऱ्याला आकडे मिळाले : शुद्ध शिसे सुमारे ५, नव्वद भाग शिशात पाच-पाच भाग कथील व अँटिमनी घातल्यास सुमारे १५. मॅसॅच्युसेट्सचे डॉ. फ्रँकलिन मान यांनी आयुष्याची कित्येक वर्षे गोळी नळीत कशी चेपते, कशी कलते, हे तपासण्यात घालवली आणि १९०९ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. गोळीच्या बुडाला तांब्याची इवलीशी टोपी बसवून तप्त वायूपासून शिसे वाचवण्याची युक्तीही त्याच काळातली.

येथे एका रूढ समजुतीविषयी लिहिले पाहिजे. जुन्या हत्यारांच्या चाहत्यांत 'जितकी कठीण तितकी उत्तम' असे सूत्र फार ऐकू येते. इतिहास त्याला दुजोरा देत नाही. नळीला शिशाचा मुलामा बसतो तो पुष्कळदा गोळी मऊ असल्याने नव्हे, तर ती नळीपेक्षा बारीक असल्याने. कमी दाबाच्या जुन्या काडतुसात फार कठीण गोळी घातली तर ती फुगत नाही. तिच्या कडेने तप्त वायू निसटतो आणि शिसे वितळवत नळीला चोपडत जातो. मिनियेला हे ठाऊक होते, म्हणून तर त्याने मऊ शिसे निवडले. रिव्हॉल्व्हरच्या गोळ्यांचे नावाजलेले जाणकार एल्मर कीथ यांनी १९२० च्या दशकात रुंद, सपाट टोकाची गोळी आखली. तिच्यासाठी त्यांनी सोळास एक हे जुनेच मध्यम मिश्रण पसंत केले. अतिकठीण धातूच्या मागे ते लागले नाहीत.

अतिकठीण मिश्रण आले ते छापखान्यातून. छपाईचे खिळे ओतायलाही शिसे, कथील आणि अँटिमनीच लागते, कारण अँटिमनीमुळे थंड होताना धातू कमी आकसते आणि अक्षराची कड रेखीव येते. जावजी दादाजींच्या निर्णयसागरचे देखणे देवनागरी खिळे याच धातुकुळातले. लायनोटाइप यंत्राच्या धातूत साधारण ८४ टक्के शिसे, १२ टक्के अँटिमनी आणि ४ टक्के कथील असे. तिची कठीणता २२ च्या आसपास, म्हणजे शुद्ध शिशाच्या चौपटीहून अधिक. ऑफसेट छपाई आली, वृत्तपत्रांची लायनोटाइप यंत्रे मोडीत निघाली आणि अमेरिकेत ती धातू वजनावर विकत घेऊन नेमबाजांनी गोळ्यांच्या साच्यात ओतली.

तो साठाही आता आटला आहे. मोटारींच्या चाकांना समतोलासाठी लावायची शिशाची वजने हा दुसरा स्वस्त पुरवठा होता. युरोपात २००५ पासून नव्या गाड्यांना ती लावता येत नाहीत. शिकारीत मारलेल्या जनावरांच्या अवशेषांतून शिसे पोटात जाऊन कॅलिफोर्नियातील काँडोर गिधाडे मरू लागली, तेव्हा तेथील अधिवासापुरती २००८ मध्ये आणि संपूर्ण राज्यात १ जुलै २०१९ पासून शिशाच्या गोळ्यांनी शिकार करण्यावर बंदी आली. गोळी मऊ शिशाची की कठीण, असा भेद त्या कायद्यात केलेला नाही.